मूर्तिजापूर: जिथं रूळ जुळले नाहीत, ते गाव

जुनीवस्ती

अकोला सोडलं की बडनेरा यायच्या आत, साधारण मधोमध, मूर्तिजापूर लागतं. एक्स्प्रेसनं जाणाऱ्यांच्या ते लक्षात राहत नाही. पाटीवर ‘जंक्शन’ लिहिलेलं वाचून एखादा विचारतो, इथून फाटा कुठं जातो बुवा? उत्तर लांब आहे, म्हणून धागा काढतोय. शकुंतलेवर, म्हणजे इथून अचलपूर आणि यवतमाळला जायच्या त्या छोट्या गाडीवर, हळवे लेख पोत्यानं झालेत. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडली, परत धावत गाडी पकडली, वगैरे. ते इथं नको. मला गावाबद्दल बोलायचंय.

आधी जमीन. जुन्या वऱ्हाडाचे तीन भाग सांगतात. वर सातपुड्यातला मेळघाट, मधे पूर्णेचं खोरं म्हणजे पयानघाट, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचं पठार म्हणजे बालाघाट. मूर्तिजापूर पयानघाटात. सपाट, काळं, खोल रान. गावाच्या उत्तरेला लाखपुरीजवळून पूर्णा पश्चिमेकडे जाते आणि पुढं तापीला मिळते. या खोऱ्याचा मोठा पट्टा खारपाणाचा. विहिरीला पाणी लागतं, पण ते प्यायचं नाही, आणि ओलिताला सोडलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. त्यामुळं शेती सगळी पावसावर, आणि पावसावर या मातीत भरवशाचं काय, तर कापूस आणि ज्वारी.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे इकडं वळले. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा; वाटेत भिजायचा, धुळीनं माखायचा. १८६७ मध्ये जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मुंबईहून येणारी लाइन नागपूरला पोचली आणि तो रस्ता संपला.

आता माझा मुद्दा. ही लाइन खोऱ्याच्या सपाट मधल्या पट्ट्यातून काढली. बांधायला सोपी पडली असणार, पण वऱ्हाडातली जुनी नावाजलेली गावं बरीचशी बाजूला राहिली. अचलपूर, इमादशाहीची राजधानी, उत्तरेला. कारंजा, जुनी पेठ, दक्षिणेला. खामगाव आणि अमरावतीसारखे कापसाचे बाजारसुद्धा मुख्य लाइनीवर नाहीत. म्हणून तर जलंब आणि बडनेरा ही त्यांच्या फाट्यांच्या जंक्शनांची नावं आपल्याला पाठ आहेत, नाहीतर कोण विचारतं? खामगावचा फाटा तर इतका महत्त्वाचा ठरला की १८७० मध्ये तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. वऱ्हाडातला जवळजवळ प्रत्येक फाटा म्हणजे मुख्य लाइनीनं टाकून दिलेल्या एखाद्या बाजाराला मागाहून घातलेला टाका आहे.

अचलपूर आणि यवतमाळच्या वाट्याला हा टाका यायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी निघाली आणि मूर्तिजापुरातून दोन्हीकडे लाइन गेली. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरी दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. पण खर्च वाचवायला रूळ टाकले नॅरोगेजचे, म्हणजे मोठ्या लाइनीपेक्षा अरुंद.

म्हणजे यवतमाळहून निघालेला डबा मूर्तिजापूरला आला की अडला. पुढच्या रुळांवर तो चढूच शकत नव्हता. त्यातली प्रत्येक गठाण माणसांनी उतरवायची, मालधक्क्यावर ठेवायची आणि मोठ्या लाइनीच्या वॅगनमध्ये भरायची. मुंबईहून येणारं मीठ, लोखंड, कापड उलट्या दिशेनं असंच. हमाल, मुकादम, तोलाईवाले, हुंडेकरी (मालवाहतुकीचे ठेकेदार), चहावाले, खानावळी, धर्मशाळा, सगळं या एका अडचणीवर उभं राहिलं. आमच्याकडे अजून ‘जुनी वस्ती’ आणि ‘स्टेशन विभाग’ असं बोलतात. दुसरं गाव पहिल्याच्या शेजारी उगवलं ते रूळ जुळत नव्हते म्हणून. सरळ जुळले असते तर माल इथं थांबलाच नसता.

माझे आजोबा मालधक्क्यावर मुकादम होते, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. बोला.

बंडीवाला

भाऊ, बराबर लिवलं. फक्त ते ‘ठेवायची आणि भरायची’ तुमी एका वाक्यात उरकून टाकलं. कापसाची दाबेल गठाण आज १७० किलोची असते, तवाबी त्याच्याच जवळपास. ते काही खांद्यावर घेऊन पयत नाई माणूस. लोखंडी आकडे राहत. दोघं तिघं आकडा खुपसून गठाण कलती करत, मंग लोटत लोटत फळीवरून डब्यात. पावसात फळी निसरडी झाली का बोट गेलंच समजा.

मायाकडे बंडी होती, बाबाची. जिनापासून, म्हंजे सरकी काढायच्या कारखान्यापासून, स्टेशनापर्यंत फेऱ्या. दिवाळी झाली का सुरू, होळीपर्यंत फुरसत नाई. होळीनंतर बैलही रिकामे अन् आमीही. गावाचं वर्ष असंच दोन तुकड्याचं होतं. हे कोणी लिवत नाई.

आन मोठ्या लाइनीचा वॅगन वेळेवर नाई लागला का मालधक्क्यावर गठाणीची थप्पी लागे. आमी पोट्टे तिच्यावर चढून लपाछपी खेयलो. आगीच्या भेवानं मुकादम बिडी ओढू देत नव्हता कोणालेच. तुमचे आजोबाच असतीन कदाचित!

लोखंडी_फाटा

चांगला धागा. थोडी रुळांची भर घालतो.

मोठी लाइन १६७६ मिलिमीटर, ही ७६२, म्हणजे अडीच फूट. निम्म्याहूनही कमी. अरुंद लाइनीला वळणं जास्त तीव्र चालतात, रूळ हलके लागतात, पूल लहान होतात, मातीकाम कमी होतं. ज्या फाट्यावर वर्षातले चार-पाच महिनेच भरपूर माल असणार, त्याला खासगी कंपनीनं याहून जास्त पैसे घातले नसते. कंपनी काढली किलिक निक्सननं. ही १८५७ पासूनची मुंबईतली व्यापारी पेढी. मात्र गाडी चालवायची जीआयपीनं, कराराने, आणि उत्पन्न वाटून घ्यायचं. स्वातंत्र्यानंतर चालवणारी मध्य रेल्वे झाली, करार मात्र तसाच पुढं चालू राहिला. याच कंपनीचा तिसरा तुकडा पुलगाव-आर्वी, साधारण ३५ किलोमीटरचा.

इंजिनाबद्दल: मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या लाइनीवर सत्तर वर्षं राबलं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून डिझेल लावलं. म्हणजे देशात कोकण रेल्वेचं काम जोरात होतं तेव्हाही दारव्ह्यात कोळशाचा धूर निघत होता.

जुनीवस्ती, तुम्ही खारपाणाचं लिहिलंत आणि पुढं निघून गेलात. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं, आणि क्षाराचं पाणी बॉयलरला वर्ज्य. नळ्यांच्या आत पापुद्रा धरतो, उष्णता पुढं जात नाही, नळी तापून फुटायची भीती. पूर्णेच्या खोऱ्यात रेल्वे चालवणं म्हणजे गोड पाण्याचा माग काढत चालवणं. स्टेशनांच्या जुन्या विहिरी आणि टाक्या बघताना हे डोक्यात ठेवा.

दुसरी अडचण खुद्द काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. वर रूळ असतील तर तेही तिच्याबरोबर वरखाली होतात. मुरूम आणि खडीचा थर कितीही घाला, दरवर्षी पातळी धरत बसावं लागतं. गाडी सावकाश का चालायची याचं निम्मं उत्तर इथं आहे. सगळा दोष डब्यांच्या आणि इंजिनाच्या वयावर टाकतात, ते काही बरोबर नाही.

कोथरूडचा_नातू

माझं आजोळ दारव्ह्याचं. एक भाबडा प्रश्न: या लाइनीचं भाडं भारत सरकार अजूनही इंग्लंडला पाठवतं, असं दरवर्षी १५ ऑगस्टच्या आसपास व्हॉट्सॲपवर येतं. खरं काय?

लोखंडी_फाटा

करार होता आणि लाइन राष्ट्रीयीकरणातून सुटली होती, एवढं खरं. इंग्लंड खोटं. किलिक निक्सनची मालकी स्वातंत्र्यानंतर भारतीयांकडे आली. कंपनी मुंबईची, भागधारक इथले. ‘आजही गोऱ्यांच्या ताब्यात असलेली रेल्वे’ हे वाचायला झणझणीत लागतं म्हणून चालतं. खरी गोष्ट रुक्ष आहे आणि जास्त त्रासदायक आहे. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. मग रूळ झिजले तर पैसे कोणी घालायचे? कंपनी म्हणणार, तुम्ही वापरता. रेल्वे म्हणणार, तुमची मालमत्ता. अशा व्यवस्थेत स्लीपर कुजतात, त्याला व्हिक्टोरिया राणी लागत नाही.

दर्यापूरची_ताई

धागा वाचून बरं वाटलं, पण मला सगळं पटलेलं नाही. थोडं भांडते.

जुनीवस्ती दादा, मालधक्क्याची कमाई गावाला मिळाली म्हणता. गावात कोणाला? अडत्याला, दलालाला, हुंडेकऱ्याला. हमालाला हंगामापुरती हमाली. आणि तुमच्या यादीत बायका कुठंच नाहीत. मालधक्क्याच्या आधी जिन येतं. जिनात रेच्याला, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राला, कापूस कोण लावत होतं? बाया. नाकातोंडात रुई, दिवसभर उभं राहणं, आणि पोर शेजारीच सरकीच्या ढिगावर झोपलेलं. माझी आत्या बनोश्याच्या एका जिनात होती. खोकला तिच्या मरणापर्यंत गेला नाही. गाव गठाणीवर जगलं हे खरं, पण गठाण होण्याआधी ती कोणाच्या छातीतून गेली हेही लिहायला पाहिजे.

दुसरं, आमच्याकडची बाजू. दर्यापूर चंद्रभागेच्या काठचं जुनं गाव. रेल्वेचं स्टेशन मात्र बनोसा. जिन, बाजार, अडत सगळं तिकडं सरकलं, आणि आज दोन्ही गावं एकमेकांत अशी मिसळलीत की नवख्याला शिव सापडत नाही. म्हणजे इथं काही दोन गेज भेटत नव्हते, तरी स्टेशनानं गाव ओढलंच. तुमचा रूळ न जुळण्याचा सिद्धांत मूर्तिजापूरपुरता ठीक आहे, सगळीकडे लावू नका.

तिसरं, शेवटची पंचवीस-तीस वर्षं या गाडीत माल नव्हताच, माणसं होती. एसटीच्या तिकिटाच्या मानानं इथलं तिकीट किरकोळ. मजुरीला जाणाऱ्या, माहेरी जाणाऱ्या, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आठवडी बाजाराला निघालेल्या बायांची ती गाडी होती. ‘एवढी सावकाश गाडी कोणाला हवी’ असं ज्यांच्या दारात मोटरसायकल आहे ते म्हणतात.

आणि अंजनगावचा कोणी उल्लेखच केला नाही! तिथल्या पानमळ्यांची पानं, पानपिंपरी. कापसाच्या नादात सगळं विसरता. १८०३ च्या शेवटी शिंदे आणि इंग्रजांचा तह तिथंच झाला, गाविलगड पडल्यावर. एवढ्या गावाला ‘मधलं स्टेशन’ म्हणून सोडायचं म्हणजे कमाल आहे.

बंडीवाला

ताई, हाव न. मायी मायबी जिनात होती. तुमी लिवलं ते वाचून गप झालो.

कारंजेकर

कारंज्याची बाजू मांडतो, कारण आमचं गाव नेहमी ‘लाइनीवरचं’ म्हणून उरकतात. नरसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून इथं दत्तभक्त कायम येत. शिवाय जैनांची जुनी मंदिरं. यात्रेकरू मुंबई-नागपूर गाडीनं मूर्तिजापूरला उतरायचे आणि छोट्या गाडीची वाट बघत बसायचे. ती वाट कधीकधी रात्रभराची असे. धर्मशाळेची खरी गरज अशा ठिकाणी. गाडगेबाबांनी १९२५ मध्ये मूर्तिजापुरात गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळेचं काम उभं केलं हे तिथल्यांना माहीत असतंच. बाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. जंक्शनवर अडकलेल्या गरीब माणसाला पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

भूगोलात एक भर. मूर्तिजापूरहून कारंज्याकडे येताना गाडी पयानघाट सोडून बालाघाटावर चढते. चढ फार नाही, घाट म्हणावा असा तर मुळीच नाही, पण त्यात एक मोठी गंमत आहे. मूर्तिजापूरला पडलेला पाऊस पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जातो. कारंज्याच्या पुढं पडलेला पाऊस अडाण नदीतून पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता करत गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागरात. अडीच फुटी गाडी बसल्या जागी तुम्हाला एका समुद्राच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात न्यायची आणि डब्यात कोणाला पत्ताही लागायचा नाही. दगड मात्र बदललेला कळतो. काळी खोल माती संपून वर मुरमाड, हलकी जमीन लागते, आणि पीकही जरा वेगळं दिसायला लागतं.

प्रशासनाचं तर विचारूच नका. मूर्तिजापूर अकोल्यात, कारंजा वाशिममध्ये, दारव्हा-यवतमाळ यवतमाळात, दर्यापूर ते अचलपूर अमरावतीत. चार जिल्हे. एका मागणीसाठी चार पालकमंत्र्यांना भेटायचं म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको.

नागभीडवाला

अवांतर, पण राहवत नाही. अकोला जिल्ह्यातच एकेकाळी तिन्ही गेज होते. अकोल्याला ब्रॉडगेज, अकोला-अकोट-खंडवा आणि अकोला-पूर्णा (नदी नव्हे, परभणी जिल्ह्यातलं पूर्णा जंक्शन) मीटरगेज, आणि मूर्तिजापूरला नॅरोगेज. पूर्णा जंक्शनकडची बाजू २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. अकोट २०२२ मध्ये. अकोटच्या पुढं मेळघाटच्या वाघांवरून किती वाद झाला ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या नागभीड-इतवारी नॅरोगेजची गाडी २०१९ च्या शेवटी रुंदीकरणासाठी थांबली. थोडक्यात, आपण सगळे एकाच रांगेत उभे आहोत.

जुनीवस्ती

ताई, जिनाचं तुम्ही लिहिलंत ते इथं असायलाच हवं होतं. बनोश्याबद्दल मात्र थोडा वाद घालतो. बनोसा वाढला कारण तिथून माल चढत होता. मूर्तिजापुरात माल ना पिकत होता फार, ना विकत घेतला जात होता सगळा; तो फक्त हात बदलत होता. दोन्ही गावं रेल्वेचीच, पण एकाचं पोट बाजारावर आणि दुसऱ्याचं अडचणीवर. फरक कळतो तो गाडी थांबल्यावर. बनोश्याचा बाजार ट्रकवर गेला आणि चालू राहिला. मालधक्क्याचं काम मात्र कुठंच गेलं नाही, ते संपलं.

आणि ते संपलं शकुंतला बंद पडण्याच्या कितीतरी आधी. १९७२ च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारनंच घ्यायचा. कापूस सरकारी केंद्रांवर, तिथून जवळच्या जिनात, आणि गठाणी बहुतेक ट्रकनं. रस्ते सुधारत होतेच. ट्रकला मूर्तिजापुरात थांबायचं कारण काय? दारव्ह्याच्या जिनातून निघालेली गठाण सरळ गिरणीच्या दारात. मधली उतरवाचढव, मधला मुकादम, मधली हमाली गेली. व्यापाऱ्याच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. आजोबा शेवटची काही वर्षं मालधक्क्यावर जायचे ते सवयीनं, असं वडील सांगत.

त्यामुळं ‘शकुंतला सुरू करा’ आणि ‘मूर्तिजापूर वाचवा’ या दोन घोषणा एकत्र ऐकल्या की मी जरा गोंधळतो. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी या लाइनीच्या रुंदीकरणाला मंजुरी आणि सुमारे १५०० कोटी जाहीर केले. फटाके फुटले. पुढं यवतमाळची गाडी आधी थांबली, मग अचलपूरचीही, आणि रुंदीकरणाचा फलक तेवढा लोकांच्या भाषणात राहिला. पण समजा उद्या ब्रॉडगेज झालीच. अचलपूरची गाडी मूर्तिजापूरला दोन मिनिटं थांबून सरळ मुंबईला जाईल. अचलपूरकर खूश, त्यांच्या शेजारचे परतवाडेकर खूश, आणि आम्हाला काय? जुळलेल्या रुळांवर कोणी उतरत नाही.

मी रुंदीकरणाच्या विरोधात नाही, गैरसमज नको. अचलपूरसारख्या गावाला एवढ्या वर्षांनी सरळ गाडी मिळायला हवीच. तिथं फिनले गिरणीसुद्धा बंद पडल्यावर रोजगाराचं काय झालं ते बघा. मी एवढंच म्हणतो की जंक्शनचं गाव म्हणून आपल्याला परत तेच दिवस मिळतील हा भ्रम आहे.

लोखंडी_फाटा

थोडं सौम्य करा. ब्रॉडगेज जंक्शन म्हणजे नुसतं दोन मिनिटांचा थांबा नसतो. इंजिनाची दिशा बदलणं, डब्यांची जोडतोड, कर्मचाऱ्यांची अदलाबदल, देखभाल, हे असतं. बडनेऱ्याकडे बघा. अमरावतीला जाणारी गाडी तिथून वळते, म्हणून बडनेरा काही ओसाड पडलं नाही. अर्थात तिथं मागे मोठं शहर आहे आणि मुख्य लाइनीवर त्या शहरासाठी थांबणाऱ्या गाड्या आहेत. मूर्तिजापूरच्या मागे तसं एकच मोठं शहर नाही, चार तालुके आहेत. त्यामुळं तुमचं म्हणणं निम्मं मान्य.

बंडीवाला

दोघंबी मोठे मोठे बोलून रायले. मले एक सांगा, आता स्टेशनावर ते छोटे डबे, ते रूळ अजून हायेत का? पोरगा विचारून रायला होता, दाखवू म्हणतो त्याले.

जुनीवस्ती

रूळ जागोजाग दिसतात, झुडपात. यवतमाळच्या अंगानं काही ठिकाणी शेतवाटच झालीय, बंड्या आणि ट्रॅक्टर त्याच्यावरून जातात. स्टेशनात कोणाला तरी विचारून जा. आपल्या मनानं रूळ ओलांडू नका, मोठ्या लाइनीवर गाड्या दणादण येतात.

दारव्हा_मोतीबाग

उशिरा आलो. दारव्ह्याचा आहे. आमच्या स्टेशनाचं नाव दारव्हा-मोतीबाग. कधीकाळी इथून पुसदकडेही एक फाटा होता, तो केव्हाच उखडून नेला. म्हणजे आम्हीही जंक्शनच, पण ते माहीत असलेली पिढी गेली.

सगळे यवतमाळ-मूर्तिजापूर या दिशेनं बोलताय, पण आमच्याकडचं तोंडच आता वळतंय. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज, सुमारे २८४ किलोमीटरची, वर्ध्याहून देवळी, कळंब करत येतेय. वर्धा ते कळंब तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढं यवतमाळ, मग दारव्हा, दिग्रस, पुसद आणि नांदेड. ही झाली की यवतमाळचा माणूस मुंबईला जायला मूर्तिजापूरकडे का येईल? वर्ध्याला जाऊन मुख्य लाइन पकडेल, किंवा नांदेडकडून मराठवाड्यात उतरेल. पुसदला उखडलेल्या फाट्यानंतर पुन्हा रेल्वे दिसेल, दारव्ह्याला ब्रॉडगेज मिळेल. आमच्या घरी तर भूसंपादनाच्या नोटिशीवरून भांडणंही झाली, म्हणजे काम खरं आहे!

कारंजेकर

आणि कारंजा? दारव्ह्यापर्यंत नवी लाइन, मूर्तिजापूरला जुनी. मधला तुकडा आमचा. दोन्ही टोकांना ब्रॉडगेज आणि मधे आम्ही झुडपात. १८६७ मध्ये आम्ही बाजूला राहिलो होतो, आता दुसऱ्यांदा राहणार असं दिसतंय. माझी मागणी साधी आहे. शकुंतला ही अचलपूर ते यवतमाळ अशी एकच गोष्ट म्हणून मागू नका, ती मिळणार नाही. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा एवढाच दुवा मागा. तो झाला तर मुंबई लाइन आणि नांदेड लाइन पूर्णा ते पैनगंगा अशी आडवी जोडली जाते, आणि मालगाडीलाही भुसावळकडून नांदेडकडे जायला एक पर्याय मिळतो. हे भावनेचं नाही, हिशेबाचं आहे. निवेदनात तसंच लिहा.

लोखंडी_फाटा

हे पटलं. अचलपूरची बाजू वेगळी मागावी, तिचा हिशेब वेगळा आहे. तिकडं पूर्णेवरचा पूल आणि खारपाणातलं मातीकाम हा खर्च मोठा. तुमच्याकडे चढ आणि खडक. एका प्रस्तावात दोन्ही घातले की महाग बाजू स्वस्त बाजूला घेऊन बुडते.

दर्यापूरची_ताई

म्हणजे परत आम्हीच मागे का हो? कारंज्याचं निवेदन करा खुशाल, पण त्याच्या खाली दर्यापूर-अंजनगावचं वेगळं निवेदन त्याच दिवशी जाईल असं बघा. मसुदा मी लिहिते. जिनातल्या बायांचं पहिल्या परिच्छेदात.

कारंजेकर

ठरलं. दोन्ही एकाच दिवशी. चारही जिल्ह्यांच्या खासदारांची कार्यालयं लागतील, पत्ते कोणाकडे असतील तर इथं टाका.